लिव्ह अँड लायसन्सचं नूतनीकरण आणि भाडेवाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करार संपायला महिना उरला की मालकांचा फोन येतो, आणि तो फोन ठेवला की लोक मला मेसेज करतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर अशा महाराष्ट्रातल्या शहरांत राहत्या घरासाठी लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या भाड्याने राहण्याचा करार, करणाऱ्यांना समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. दुकानं आणि ऑफिसचे गाळे यात धरलेले नाहीत. गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आहे. तिथल्या वाचकांनी बोलणी करायच्या युक्त्या खुशाल घ्याव्यात, इथली कायद्याची माहिती मात्र तिकडे लावू नये.

१. घरमालक दरवर्षी जास्तीत जास्त किती भाडं वाढवू शकतात? कायद्यात काही मर्यादा आहे का?

लिव्ह अँड लायसन्सच्या घराला मर्यादा नाही. हे कुणालाच आवडत नाही, पण पुढची सगळी बोलणी हे धरूनच करावी लागतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ सांगितली आहे ती जुन्या संरक्षित भाडेकरूंसाठी, म्हणजे बहुतेक करून पागडीवाल्यांसाठी, सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यात कायमचे राहणाऱ्यांसाठी (प्रश्न १७ पहा). तुम्हाला मिळालेली असते ती ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. ती मुदत संपली की मालक हवा तो आकडा सांगू शकतात आणि तुम्ही तो नाकारू शकता. 'दहा टक्के वाढ हा नियमच आहे' असं एजंट ठामपणे सांगतात, पण असा कुठलाही नियम नाही. ५ ते १० टक्के हा बाजारातला रिवाज आहे, आणि रिवाजावर घासाघीस करता येते.

२. करार अकरा महिन्यांचाच का करतात? दर वेळी नवा करावा लागतो का?

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची सवय लागली. महाराष्ट्रात या युक्तीचा काही उपयोग उरलेला नाही, कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. सवय मात्र राहिली. मुदत संपली की नवा करार करून तो पुन्हा नोंदवावा लागतो. जुन्याच कागदावर 'आणखी अकरा महिने' असं पेनाने लिहून दोघांनी सह्या केल्या तर ते नूतनीकरण होत नाही.

३. कराराची मुदत बाकी आहे, तरी मालक मध्येच भाडं वाढवा म्हणतात. वाढवावं लागेल का?

नाही. करारात मधल्या वाढीचं कलम असेल तरच, आणि त्यात लिहिली असेल तेवढीच. पण वाढ नाकारण्याआधी नोटीस पीरियडचं कलम वाचा. बऱ्याच करारांत दोन्ही बाजूंना महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येतो. लॉक-इन (करार मोडता न येण्याची ठरलेली मुदत) संपलेलं असेल तर मालक भाडं वाढवू शकत नाहीत, पण तुम्हाला नोटीस देऊ शकतात. भाडेवाढीचा वाद अनेकदा याच दाराने आत येतो. पुढचा करार करताना लॉक-इन दोघांनाही सारखंच लागू राहील असं लिहून घ्या. फक्त भाडेकरूला बांधणारं लॉक-इन आजकाल फार दिसतं.

४. वाढीची सूचना किती दिवस आधी द्यायला हवी?

करारात असेल तेवढी, नसेल तर कायद्याने ठरलेली मुदत नाही. म्हणून मालकांच्या फोनची वाट बघू नका. मुदत संपायच्या दोन महिने आधी तुम्हीच विषय काढा. शेवटच्या आठवड्यात बोलणी सुरू झाली की घर शोधायला वेळ नसतो, आणि हे समोरच्यालाही कळत असतं.

५. मागितलेली वाढ योग्य आहे की जास्त, हे कसं ओळखायचं?

वेबसाइटवरच्या जाहिरातींचे आकडे हे मागणीचे असतात, ठरलेले नसतात. खरा आकडा सोसायटीतच मिळतो. गेल्या तीन-चार महिन्यांत कोणी नवीन राहायला आलं, कितीला आलं, किती फ्लॅट रिकामे आहेत, ही माहिती वॉचमनकडे आणि सोसायटीच्या ऑफिसात असते. तुलना करताना भाडं मेंटेनन्स धरून आहे की वेगळं, पार्किंग आहे का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, हे विचारा. २४,००० अधिक मेंटेनन्स आणि सगळं धरून २६,००० यांत दुसरं घर स्वस्त निघू शकतं.

हंगामही बघा. शाळा-कॉलेज आणि नव्या नोकऱ्यांमुळे जून-जुलैच्या सुमारास मागणी चढते. हिंजवडी, वाकड, खराडी अशा आयटीच्या पट्ट्यात तर जास्तच. दिवाळीनंतर ती बरीच उतरते. अकरा महिन्यांच्या करारात एक गंमत असते : १ जुलैला सुरू झालेला करार ३१ मे रोजी संपतो, त्यापुढचा ३० एप्रिलला, म्हणजे तारीख दर वेळी महिनाभर मागे सरकते. तुमची तारीख आत्ता कुठे पडते ते बघून ठेवा. ऐन मे महिन्यात पडत असेल तर या वेळी मुदत कमी-जास्त करून ती नोव्हेंबर-डिसेंबरकडे नेता येते का, एवढं विचारायला हरकत नाही.

आणि '१० टक्के' हा आकडा वर्षाचा समजू नका. दर अकरा महिन्यांनी १० टक्के म्हणजे वर्षाला जवळपास ११ टक्के. २५,००० चं भाडं तीन नूतनीकरणांत ३३,२७५ वर जातं.

६. बोलणी नेमकी कशाच्या जोरावर करायची? आमच्या हातात तर काहीच नाही.

आहे, रिकामा महिना. कायदा भाडं रोखत नाही. मालकाचं घर रिकामं पडण्याचा खर्च मात्र रोखतो, आणि तो आकडा बहुतेक मालकांनी कधी कागदावर मांडलेला नसतो.

तुमचं भाडं २५,००० आणि मागणी १० टक्के धरू. तुम्ही जुन्याच भाड्यात अकरा महिने राहिलात तर मालकांना २,७५,००० मिळतात. तुम्ही गेलात, घर एक महिना रिकामं राहिलं आणि उरलेले दहा महिने २७,५०० ने गेलं, तरी मिळतात २,७५,०००. बरोबर तेवढेच. भाडं कितीही असलं तरी अकरा महिने आणि १० टक्के या जोडीला हे गणित असंच येतं. शिवाय रिकाम्या महिन्याचं मेंटेनन्स, रंगाचा खर्च, एजंटने मालकाकडूनही घेतलेलं ब्रोकरेज आणि नवा भाडेकरू कसा निघेल ही धास्ती वेगळी. वाढ ५ टक्के मागितली असेल तर साधारण पंधरा दिवसांच्या रिकाम्या घरातच ती संपते.

आता स्वतःचा हिशेब मांडा. नव्या घराचं ब्रोकरेज बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं भाडं. त्यावर टेम्पो आणि माणसं, एसी काढणं-बसवणं, इंटरनेट, स्कूलव्हॅन, दोन घरांचं डिपॉझिट काही दिवस एकदम अडकणं. हे सगळं मिळून ४०,००० झाले तर अकरा महिन्यांवर महिन्याला साधारण ३,६०० पडतात. तेवढ्याच भाड्याचं दुसरं घर मिळत असेल तरीसुद्धा ३,६०० पर्यंतची वाढ तुम्हाला घर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. ही तुमची वरची मर्यादा, आणि ती स्वतःपाशीच ठेवा. 'मुलांची शाळा इथेच आहे हो, आम्ही कुठे जाणार' हे वाक्य माणसं सहानुभूती मिळावी म्हणून पहिल्याच मिनिटाला बोलून टाकतात. मालक त्यातून एवढंच ऐकतात, की हे काही सोडून जात नाहीत.

एक इशारा. तुमच्या भागात नवीन घरं तुमच्या भाड्यापेक्षा २५ टक्के वर जात असतील तर रिकाम्या महिन्याचं गणित उलटतं : ३१,२५० गुणिले दहा महिने म्हणजे ३,१२,५००. अशा वेळी १० टक्क्यांवर रुसून बसण्यात अर्थ नाही. मुदत आणि दुरुस्त्या यांवर जोर द्या (प्रश्न ८ आणि ९).

७. मालकांना काय लिहून पाठवू? वाद घालायला जमत नाही.

वाद घालूच नका. आधी छोटा मेसेज, मग प्रत्यक्ष भेट. नमुना देते, नावं-आकडे आपले घाला :

'नमस्कार काका. आपला करार ३१ मे रोजी संपतो आहे. आम्हाला पुढेही इथेच राहायचं आहे. तुम्ही २७,५०० म्हणालात. आपल्याच सोसायटीत बी विंगमधले दोन टूबीएचके सध्या २६,००० ला निघाले आहेत. आम्हीही २६,००० देतो आणि या वेळी दोन वर्षांचा करार करू, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ धरून. गीझर आणि बाथरूममधली गळती एवढं मात्र करून द्या. रविवारी सकाळी येऊन बोलू का?'

यात राहण्याची इच्छा आहे, तुलना आहे, नेमका आकडा आहे आणि मालकांना मिळणारी गोष्टही आहे. पगार वाढला नाही, महागाई वाढली, हे मुद्दे मुद्दाम घातलेले नाहीत. महागाई त्यांनाही असते, आणि ते तेच तुम्हाला सांगतात. बी विंगचा आकडा खरा असायला हवा हे वेगळं सांगायला नको, काका एका फोनवर खातरजमा करतील.

घर काकूंच्या नावावर असेल तर काकांशी ठरवून परत येऊ नका. सही ज्यांची, बोलणी त्यांच्यासमोर.

८. मालक आकड्यावर अडून बसले आहेत. भाड्याऐवजी दुसरं काय मागता येईल?

पुष्कळ काही. रंग, खिडक्यांना डासांच्या जाळ्या, किचनमध्ये वॉटर प्युरिफायर, एका पार्किंगचा हक्क, घर सोडताना रंगाचे पैसे न कापण्याची हमी. रंगाचं कलम बारकाईने बघा. एक-दोन महिन्यांचं भाडं 'पेंटिंग चार्जेस' म्हणून डिपॉझिटमधून कापायची पद्धत पसरली आहे, आणि चार वर्षं राहिलेल्या भाडेकरूकडून नेहमीच्या झिजेचे पैसे घेणं मला तरी पटत नाही. वाढ दोन महिने उशिरा लागू करा असंही सुचवता येतं. मालकांचा आकडा कायम राहतो आणि तुमचे वर्षाचे पाच हजार वाचतात. जे ठरेल ते करारात यायला हवं. 'करून देऊ की' या शब्दावर गीझर बसत नाही.

९. दोन किंवा तीन वर्षांचा करार केला तर फायदा होतो का?

बहुतेक वेळा होतो. वाढीचा दर आधीच लिहिला जातो आणि दर अकरा महिन्यांची डोकेदुखी जाते. मालकांना तयार करायला नोंदणीचा वाचलेला खर्च आणि स्थिर भाडेकरू हे दोन मुद्दे पुरतात. पाच वर्षांच्या पुढे मात्र जाऊ नका. लिव्ह अँड लायसन्सची सवलतीची स्टॅम्प ड्युटी ६० महिन्यांपर्यंतच्या करारालाच आहे. लांब करारात भाडेकरूला महिन्याच्या नोटिशीवर निघता येईल असं कलम ठेवा, नाहीतर बदली झाली की लॉक-इनचं भाडं भरत बसावं लागेल.

१०. मालक भाडं तेवढंच ठेवतो म्हणाले, पण डिपॉझिट वाढवून मागतात. घ्यावं का?

माफक वाढ असेल तर हा बरा सौदा आहे, कारण ते पैसे परत मिळायचे असतात. आणखी ५०,००० दिलेत तर बँकेतलं ६ टक्के व्याज धरून तुमचे वर्षाला ३,००० जातात. महिन्याला २,००० वाढ टळत असेल तर उत्तर उघड आहे.

'हेवी डिपॉझिट', म्हणजे काही लाख द्या आणि भाडं नाममात्र, हा मुंबईतला प्रकार मात्र वेगळा. तिथे सगळा भरवसा मालकाकडे शेवटी रोकड असेल यावर असतो. ते पैसे त्याने दुसरीकडे घातलेले असतात आणि पुढचा भाडेकरू येईपर्यंत तुमचे निघत नाहीत. फ्लॅटवर कर्ज आहे का, हे विचारल्याशिवाय त्यात पडू नये. डिपॉझिट कितीही असो, ते बँकेतून द्या आणि पूर्ण रक्कम करारात लिहा.

११. नूतनीकरणाचा खर्च किती येतो आणि तो कोणी द्यायचा? एजंट पुन्हा ब्रोकरेज मागतोय.

स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. २५,००० भाडं, १ लाख डिपॉझिट आणि अकरा महिने असतील तर ती सातशे-आठशे रुपयांच्या आसपास जाते. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. त्यावर ऑनलाइन नोंदणीचं किरकोळ शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, खर्च मात्र रिवाजाने निम्मा-निम्मा वाटतात.

नूतनीकरणाच्या ब्रोकरेजला कायद्याचा आधार नाही. पहिल्या वेळी तुम्ही तसं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. एजंटने फक्त कागद करून दिले असतील तर कागदांचे पैसे द्या. घर शोधून दिल्याचे तुम्ही आधीच दिले आहेत.

१२. 'सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाढवले म्हणून २,००० वाढवतो' असं मालक म्हणतात. खरं असू शकतं?

आकडा जुळवून बघा. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सहकारी गृहनिर्माण सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं शुल्क) घेता येत नाही. हे १० टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलावर नाहीत, त्यातल्या सेवाशुल्कावर आहेत. सेवाशुल्क ३,००० असेल तर महिन्याला ३०० रुपये. त्यातून २,००० ची वाढ निघत नाही. मेंटेनन्सच वाढलं असेल तर बिल मागा, दाखवायला कुणाची हरकत नसावी.

१३. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि भाडेवाढीला तीन महिन्यांची नोटीस लागते' असा मेसेज फिरतोय. हे आपल्याला लागू आहे का?

महाराष्ट्रात नाही. हा मजकूर केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. तो नमुना आहे. घरभाडं हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्याने तो स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा चालतो. बोलताना या मेसेजचा दाखला दिलात आणि मालक वकिलाला विचारून आले, तर तुमचे बाकीचे खरे मुद्देही हलके पडतात.

१४. करारात जुनंच भाडं दाखवू आणि वाढ रोख द्या, असं मालक म्हणतात.

नका देऊ. रोख दिलेल्या रकमेची पावती मिळत नाही, ती एचआरएमध्ये (पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या करसवलतीत) दाखवता येत नाही, आणि पुढच्या वर्षी वाढ या रोखीसकट आकड्यावर मागितली जाते. मालकांचा कर वाचवायला तुम्ही स्वतःची वजावट सोडता.

१५. आमचा करार फक्त नोटरी केलेला आहे, नोंदवलेला नाही. मालकांवर दबाव आणता येईल का?

कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम ५५ प्रमाणे नोंदणी न केल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तरीही मी हे धमकी म्हणून वापरायला सांगणार नाही. ज्या माणसाला तुरुंगाची आठवण करून दिली त्याच्या घरात पुढची दोन वर्षं सुखाने राहता येत नाही. 'काका, या वेळी रजिस्टर करूया, गॅस आणि पासपोर्टलाही लागतं' म्हटलं की काम होतं.

१६. मुदत संपली, बोलणी चालू आहेत, आम्ही जुनंच भाडं देत राहतोय. चालेल ना?

चार-आठ दिवस सगळेच असं राहतात, पण ते बेभरवशाचं आहे. १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. तिथलं समन्स आलं तर ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते केलं नाही तर मालकांचं म्हणणं मान्य धरलं जातं. समन्स कपाटात ठेवून विसरणाऱ्यांची घरं अशीच जातात. दुसरीकडे, मालकांनाही स्वतःच कुलूप बदलून किंवा सामान बाहेर काढून घर ताब्यात घेता येत नाही.

बोलणी लांबणार असतील तर 'अमुक तारखेपर्यंत जुन्याच भाड्याने राहण्यास हरकत नाही' एवढं मालकांकडून लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरं.

१७. आमची चाळीतली पागडीची खोली आहे. मालक एकदम दुप्पट भाडं मागतात. द्यावं लागेल?

नाही, इथे कायदा खरोखर तुमच्यामागे उभा आहे. वाढ वर्षाला ४ टक्के. ३०० रुपये भाडं असेल तर १२ रुपये. करांतली वाढ आणि केलेल्या सुधारणांचा खर्च यांपोटी वेगळी रक्कम मागता येते, पण तिचा हिशेब दाखवावा लागतो. मालकांनी भाडं घ्यायचं नाकारलं तर मनिऑर्डरने पाठवत राहा आणि पावत्या जपा, कारण थकबाकी हे घर काढून घेण्याचं सोपं कारण असतं. थकबाकीची नोटीस आली तर दाव्याआधी ९० दिवस मिळतात. तेवढ्यात रक्कम भरून टाका आणि वकिलाला गाठा.

१८. नव्या भाड्याने आम्ही ५०,००० च्या वर जातोय. काही करावं लागतं का?

हो. महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त झालं की पगारदार भाडेकरूलाही टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ वरून २ टक्के झाला आहे, आणि तो वरच्या रकमेवर नाही, पूर्ण भाड्यावर. यासाठी मालकांचा पॅन लागतो. मालक परदेशात राहणारे असतील तर ५०,००० ची मर्यादाच लागू नाही आणि दरही बराच जास्त आहे, तेव्हा सही करण्याआधी सीएला विचारा. मागणी ५१,००० असेल तर ५०,००० वरच थांबूया हे सुचवणं दोघांच्या सोयीचं असतं, आणि अनेक मालक कागदपत्रांच्या कटकटीला कंटाळून मान्य करतात.

१९. मुदतीच्या मध्येच मालकांनी फ्लॅट विकला. नवे मालक जास्त भाडं मागतात. आमचा करार त्यांना बांधील नाही का?

इथे लोकांचा अंदाज चुकतो. भाडेपट्टा असता तर नव्या मालकाला तो पाळावा लागला असता. लिव्ह अँड लायसन्स ही व्यक्तिगत परवानगी असते, आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालमत्ता विकत घेणारा आधीच्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. तुमचा दावा उरतो तो जुन्या मालकांवर. म्हणून विक्रीची कुणकुण लागली की पहिला फोन त्यांना करा : डिपॉझिट तुम्ही परत देणार की नव्या मालकांकडे वर्ग करणार, हे लेखी द्या. नव्या मालकांनी घर गुंतवणूक म्हणून घेतलं असेल तर त्यांनाही पहिल्या महिन्यापासून भाडं देणारा माणूस हवाच असतो, आणि त्यांच्याशी प्रश्न ६ मधल्या हिशेबाने बोलता येतं. स्वतः राहायला येणार असतील तर वाढीवर वाद न घालता घर बदलण्याचा खर्च आणि महिना-दोन महिन्यांचा वेळ मागून घ्या.